गल्लीतले चायनीज जेवण (बडोदे)

बडोद्यातील मराठी कुटुंबे घराजवळच्या छोट्या चायनीज हॉटेलात एकत्र बसून घेतात ते रात्रीचे जेवण. रविवार, वाढदिवस, दहावी-बारावीचा निकाल किंवा पाहुणे आलेत आणि स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, एवढी निमित्ते पुरतात. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत हे जेवण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. फतेगंजकडे विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांची गर्दी असते, तिथला थाट वेगळा.

हॉटेल म्हणजे सहा-आठ टेबले, बाहेर लाल अक्षरांतली पाटी, तिच्यावर ड्रॅगन, आणि आत गल्ल्याशेजारी गणपती किंवा अंबामातेची तसबीर. मेनूकार्डात नूडल्सच्या मागोमाग पनीर बटर मसाला, पावभाजी आणि पिझ्झाही असला, तर तिथल्या चायनीजकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. टेबलावर तीन गोष्टी आधीच मांडलेल्या असतात: सोया सॉस, लाल चिली सॉस आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरचीचे तुकडे. मिरच्यांची वाटी पहिल्यांदा बाबांच्या हाताशी जाते.

हा स्वयंपाक बडोद्यात थेट चीनमधून आलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग आच्यू नावाच्या चिनी माणसाने कोलकात्याजवळ हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही आचिपूर म्हणतात. पुढे कोलकात्यात तिरेट्टा बाजार आणि टांगरा इथे चिनी वस्ती वाढली. टांगऱ्यातले हक्का लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात होते, आणि ‘हक्का नूडल्स’मधला हक्का तो हाच. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर या समाजातील हजारोंना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. त्यांचा स्वयंपाक मात्र इथे राहिला आणि देशभर पसरला. मंचुरियनचे श्रेय सहसा नेल्सन वँग यांना दिले जाते. कोलकात्यात जन्मलेल्या या स्वयंपाक्याने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लसूण, आले, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस दाट करून त्यात चिकनचे तुकडे सोडले. मांचुरियाशी या पदार्थाचा संबंध नावापुरता. चिकनच्या जागी कोबी-गाजराचे गोळे आले तेव्हा तो खऱ्या अर्थाने गुजरातेत शिरला.

या जेवणाची खरी गंमत मागवण्यात आहे. मेनूकार्ड एकाच्या हातात असते, पण बोलतात सगळे. सूप ‘वन बाय टू’ सांगायचे, म्हणजे एका प्लेटीच्या दोन वाट्या. आजोबांना स्वीट कॉर्न, बाकीच्यांना मांचाव. मांचाववर घालायला आलेले तळलेले नूडल्स मुले सूप येण्याआधीच संपवतात आणि मग सूप तसेच राहते. त्यानंतर ड्राय मंचुरियनची एक प्लेट. तीत गोळे किती आणि माणसे किती हा हिशोब आई मनातल्या मनात करते आणि स्वतः घ्यायची राहते. मग हक्का नूडल्स, आणि शेवटी फ्राइड राइससोबत मंचुरियन ग्रेव्ही.

इथे घरचे वळण उघडे पडते. चीनमधल्या घरांत सहसा कोरा भात प्रत्येकाच्या वाडग्यात असतो आणि मधल्या भाज्या-मांस त्याच्या जोडीला चॉपस्टिक्सनी उचलून खाल्ले जाते. बडोद्याच्या टेबलावर भात आधीच तेलात परतलेला आणि खारट असतो, ग्रेव्हीही खारटच, आणि मोठी माणसे ती आमटीसारखी भातावर ओतून कालवतात. मीठ दुप्पट होते, रात्रभर तहान लागते, तरी भात कालवल्याशिवाय जेवण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. नूडल्स हा मुलांचा हट्ट. कुटुंबाचे जेवण होते ते भातावर. काट्याचमच्याने सुरुवात झाली तरी आजी दोन घासांनंतर चमचा बाजूला ठेवते.

आजीमुळे आणखी एक प्रश्न येतो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी-थालीपिठांवर ताव मारून चातुर्मासाचे कांदा-लसूण बंद करणारी घरे बडोद्यातही आहेत. एरवी चायनीज म्हणजे लसूणच लसूण. पण गुजरातमध्ये जैन गिऱ्हाईक मोठे, त्यामुळे बहुतेक हॉटेलांत ‘जैन’ हा प्रकार तयारच असतो: लसूण नाही, कांदा नाही, पातीचा कांदा नाही, आले-गाजरही नाही, राहते कोबी, ढोबळी मिरची आणि पनीर. मराठी आजीचे चातुर्मासाचे नियम जैनांइतके कडक नसतात, आले-गाजर तिला चालते, पण तयार मिळते आहे ते कोण सोडणार? ‘भाई, लसण नहीं नाखता’ एवढे गुजराती तिला येते. लसणाशिवायचे मंचुरियन चवीला पांगळे लागते हे मान्य करावे लागेल, पण त्याने आजी टेबलावर आली, आणि ते जास्त महत्त्वाचे. एरवी मटण-मासे खाणारी घरेही श्रावणात शाकाहारी प्लेटवर येतात. एरवी कायस्थ प्रभू आणि मराठा घरांतल्या मंडळींना चिकन लॉलीपॉप हवे असते, आणि गल्लीतले हॉटेल ‘शुद्ध शाकाहारी’ निघाले की त्यांचा रविवार दुसऱ्या भागात जातो.

शेजवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलेले, पण प्रकार पूर्ण इथलाच. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारे सिचुआन मिरे. ते आपल्याकडच्या शेजवान चटणीत बहुधा नसतातच. तिच्यात असते भिजवून वाटलेली सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, व्हिनेगर, साखर आणि तेल. या मिऱ्यांचे जवळचे भावंड मात्र मूळच्या कोकणातल्या घरांत डब्यात सापडते: तिरफळ. दोन्ही एकाच वनस्पती-प्रजातीतली आणि दोन्ही जिभेला तशाच मुंग्या आणणारी. म्हणजे बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणारी आजी, या एका बाबतीत, शेजवान राइसवाल्यापेक्षा सिचुआनच्या जवळ आहे.

भटारखान्याचे तंत्र सोपे, पण घाईचे. भात दुपारीच शिजवून गार केलेला असतो, कारण गरम भात परतला की लगदा होतो. नूडल्स अर्धवट उकडून, तेल चोळून पसरून ठेवतात. मोठ्या आवाजाच्या प्रेशर बर्नरवर लोखंडी कढई इतकी तापते की एक प्लेट दोन-तीन मिनिटांत उतरते. त्या धुराची चव घरच्या गॅसवर येत नाही. घरी केलेला फ्राइड राइस चांगला असूनही मुलांना पटत नाही त्याचे कारण हेच. अजिनोमोटोबद्दल मात्र उगाच दबक्या आवाजात बोलले जाते. टोमॅटो आणि जुन्या चीजमध्ये जे ग्लुटामेट असते त्याचेच ते मीठ; जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली हे ग्लुटामेट समुद्री शेवाळापासून वेगळे केले. काळजी करायची तर भडक लाल रंगाची करावी. कर्नाटकाने मार्च २०२४मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती नमुन्यांत टार्ट्राझिन, सनसेट यलो आणि कार्मोइसिन हे रंग सापडल्यावर.

मुंबईत गल्लीतल्या कितीतरी चायनीज हॉटेलांना बार जोडलेला असतो आणि त्यामुळे बायकामुलांना घेऊन जाताना घरातले जरा कचरतात. गुजरातमध्ये १९६०च्या राज्यस्थापनेपासून दारूबंदी आहे. हॉटेलाचा गल्ला सूप-नूडल्सवरच भरायचा, म्हणून मालकाला कुटुंबेच हवी असतात: लहान मुलासाठी उंच खुर्ची, ‘मीडियम तिखट’ची विचारणा, शेवटी बिलाबरोबर बडीशेप-खडीसाखर. ज्यांना बसायचे नसते त्यांच्यासाठी लारी, म्हणजे हातगाडी, आहेच. चायनीज भेळ ही लारीचीच करामत. तळलेले नूडल्स, कोबी, ढोबळी मिरची आणि शेजवान चटणी कागदी प्लेटमध्ये कालवून दिली जाते. नवरात्रात गरबा सुटल्यावर या लाऱ्यांपुढे चनियाचोळीतल्या मुली आणि त्यांना न्यायला आलेले काका-मामा उभ्याउभ्या खातात. ज्यांचे नऊ दिवसांचे उपास आहेत ते फक्त उभे राहतात.

गोडात दरसान, म्हणजे मधात घोळवलेल्या तळलेल्या पट्ट्या आणि व्हॅनिला आइस्क्रीम, पण छोट्या हॉटेलांत ते क्वचित मिळते. बहुतेक घरे जेवण झाल्यावर आइस्क्रीम दुसऱ्या दुकानात खातात. हल्ली मोबाइलवरून मागवण्याने टेबले रिकामी पडू लागली आहेत. त्यात ग्रेव्ही प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून येते, नूडल्सचा गोळा होतो आणि मांचाववरचे कुरकुरीत नूडल्स वेगळ्या पुडीत येतात, जी अजूनही मुलेच आधी फोडतात.