बाटलीतलं अमृत आणि कापराची गिरकी

काष्ठौषधीच्या दुकानातून तीन पुड्या आणल्या: ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. तिन्ही पांढरे, तिन्ही कोरडे खडखडीत. काचेच्या बाटलीत सारख्या वजनाने घातले, बूच लावलं आणि हलवत बसलो. आधी खडे ओलसर दिसू लागले, मग बाटलीच्या कडेला चिकटले, आणि थोड्या वेळात आत तेलासारखा स्वच्छ द्रव डुचमळायला लागला. पाण्याचा थेंब नाही, चूल नाही. अमृतधारा हे जुनं घरगुती औषध तयार!

हा खटाटोप आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आलेल्या एका संदेशामुळे. 'अग्नीशिवाय घन पदार्थ वितळवण्याची प्राचीन ऋषींची किमया, आधुनिक विज्ञान थक्क!' खाली बऱ्या होणाऱ्या रोगांची यादी होती, गुडघेदुखीपासून डेंगीपर्यंत. विज्ञान थक्क वगैरे झालेलं नाही. पण किमया खरोखर बघण्यासारखी आहे, आणि ती औषधाची नसून वितळण्याची आहे.

शाळेत शिकलेलं आठवा. बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्या खालीही वितळतो. शुद्ध पदार्थात परका पदार्थ मिसळला की द्रवणांक उतरतो. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ते सुमारे 50 अंश सेल्सियसला वितळतं. पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल, ते 42-43 अंशांना. कापूर मात्र 175 अंशांच्याही वर. एकत्र आले की तिघेही एकमेकांचा द्रवणांक खाली ओढतात, आणि तो खोलीच्या तापमानाखाली गेला की घन राहणंच अशक्य होतं. अशा मिश्रणाचा सर्वात खालचा द्रवणांक जिथे येतो त्या प्रमाणाला युटेक्टिक म्हणतात. आणि 'अग्नीशिवाय' हेही खरं नाही. वितळायला उष्णता लागतेच. ती आजूबाजूच्या हवेतून आणि बाटली धरलेल्या तळहातातून घेतली जाते.

यात माझा लाडका कापूर. एक किलो पाण्यात एखाद्या पदार्थाचा एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) विरघळवला तर गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. पाण्याऐवजी वितळलेला कापूर घेतला तर? जवळजवळ 40 अंशांनी! कारण कापराच्या रेणूच्या आकारात आहे. हा रेणू जवळपास चेंडूसारखा गोल. स्फटिकात तो आपली जागा सोडत नाही, पण जागच्या जागी गिरक्या घेत असतो. म्हणजे घन असतानाच तो अर्धा बेशिस्त! वितळताना त्याला आणखी फारसं मोकळं व्हायचं नसतं, म्हणून त्याचा अप्रकट उष्मा, म्हणजे वितळायला लागणारी उष्णता, वजनाला वजन पाण्याच्या साधारण सातवा हिस्सा. द्रवणांक किती उतरणार हे काढताना निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमध्ये मोजलेल्या द्रवणांकाच्या) वर्गाला या अप्रकट उष्म्याने भागतात. कापराचं तापमान 450 केल्विनच्या घरातलं, पाण्याचं 273. वर्गांचं गुणोत्तर पावणेतीनच्या आसपास, त्याला सातने गुणा, आणि पाण्याच्या वीसपट आकडा हातात येतो. 1922 साली कार्ल रास्ट या रसायनज्ञाने याच गुणावर नव्या पदार्थांचे रेणुभार मोजायची पद्धत बसवली. चिमूटभर पदार्थ, थोडा कापूर आणि साधा तापमापक पुरायचा.

त्यावर हायड्रोजन बंधाची, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन दुसऱ्यातल्या ऑक्सिजनकडे ओढला जाण्याची, भर. थायमॉलकडे देण्याजोगा हायड्रोजन आहे. कापराकडे तो नाही, पण हायड्रोजन धरून ठेवणारा ऑक्सिजन आहे. त्यामुळे परक्याशीच सूत जास्त जमतं आणि दोघेही आपापल्या स्फटिकात परतायला तयार होत नाहीत.

आता ही बाटली बाजारात बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लाहोरला पंडित ठाकूर दत्त शर्मा हे औषध विकत होते. आधी नाव होतं 'अमृत की धारा', पुढे ते 'अमृतधारा' झालं. अशा बाटल्यांना त्या काळी 'पेटंट औषध' म्हणत आणि हा शब्दच फसवा होता. पेटंट घ्यायचं तर कृती लिहून द्यावी लागते, आणि या धंद्यात कृती झाकायची असे. राखायचं ते नाव. फाळणीनंतर देहरादूनला गेलेल्या या फार्मसीचा 'लक्ष्मणधारा' या तशाच औषधाशी नावावरून झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1962 साली न्यायालयाने अंधुक आठवणीवर औषध मागणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाचा विचार केला आणि दोन्ही नावं एकूण सारखी वाटतात असं म्हटलं. तरी लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

दुकानात ही बाटली देशी म्हणून मिरवायची. पण त्या काळी बाजारात येणारं मेन्थॉल मुख्यतः जपानचं, कापूर जपानच्या ताब्यातल्या तैवानचा, आणि थायमॉल काढायला आपला ओवा पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीला जायचा.

मग हे औषध काहीच करत नाही का? करतं. मेन्थॉल त्वचेतल्या टीआरपीएम8 नावाच्या थंडी ओळखणाऱ्या दाराला धक्का देतं. एरवी हे दार साधारण 26 अंशांखाली उघडतं, मेन्थॉलमुळे ते नेहमीच्या अंगतापमानालाही उघडतं आणि मेंदूला गारवा कळतो. कपाळाचं तापमान आहे तेवढंच राहतं. थायमॉल खरोखर जंतुनाशक आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकडीकृमीवर (आतड्यातल्या एका जंतावर) डॉक्टर ते देत. डोकं दुखतंय, नाक चोंदलंय, तिथे आराम वाटतो. पण त्या काळात अशा बाटल्या कॉलऱ्यावरही खपत. क्लोरोडाइन नावाच्या विलायती औषधात अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म होतं, जाहिरातीत कॉलरा ठळक. कॉलऱ्यात माणूस शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने मरतो. गारव्याने ते भरून येत नाही, अफूनेही नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली, तिथे ना गुप्त कृती होती ना सुंदर लेबल.

माझी आजी बत्ताशावर दोनच थेंब टाकायची, तेही मोजून, आणि बाटली देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवायची. समप्रमाणात केलेल्या अमृतधारेच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास कापूर असतो. एवढा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत तर अंगाला लावायच्या औषधातही 11 टक्क्यांहून जास्त कापूर चालत नाही. माझी प्रयोगाची बाटली मी कपाटात कुलपात ठेवली आहे. परवा वास गेला का बघायला बूच उघडलं, तर डोळ्यांतून पाणीच आलं.