तीन ताकिदींशिवाय नोकरी जात नाही?

बिझनेस इंग्रजीच्या सरावात एक संवाद हमखास असतो: मॅनेजर म्हणतो, ‘धिस इज युअर थर्ड वॉर्निंग’, आणि नोकरी जाते. त्यातून तीन लेखी ताकिदींशिवाय कोणालाही काढता येत नाही, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याचं खरंच नुकसान होतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२च्या करारात (क्रमांक १५८) ताकिदींचा आकडाच नाही. कामगाराची क्षमता, वर्तन किंवा संस्थेची गरज यांच्याशी निगडित वैध कारण हवं, आणि ठपका वर्तनाचा वा कामाचा असेल तर आधी बाजू मांडू द्यायला हवी, एवढं तो सांगतो. सगळ्या देशांनी तोही स्वीकारलेला नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कारण न देताही काढता येतं; भेदभावासारखी बेकायदा कारणं तेवढी वगळून. ब्रिटनमध्ये साधारणपणे पहिली लेखी ताकीद, मग अंतिम. पण चोरी किंवा मारहाण असेल तर चौकशीनंतर पहिल्याच वेळी नोकरी जाऊ शकते.

म्हणून ताकिदीचं पत्र आलं की ते कितवं, हे मोजत बसू नका. काय सुधारायचं आणि कधीपर्यंत, ते नीट वाचा आणि आपली बाजू लेखी कळवा.