साखर, शुगर आणि आत्याचा गुळाचा चहा

"मला शुगर हाय. चहात साखर नगं, गुळाचा कर." वाळव्याची माझी आत्या हे एका दमात बोलते. तिच्या लेखी शुगर म्हणजे आजार, साखर म्हणजे डब्यातला जिन्नस आणि गूळ म्हणजे दोन्हींपासून सुटका.

शुगर हा शब्द मात्र साहेबाचा नाही, आपल्याच घरचा आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडा, रेव. उसाच्या रसाचा दाणा पाडता येऊ लागला, तेव्हा त्या दाण्याला खड्याचंच नाव मिळालं. आयुर्वेदात तर लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. हीच शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, फ्रेंचमध्ये स्युक्र आणि पुढे इंग्रजीत शुगर. आपल्याकडे तिची साखर झाली. केरळात गुळाला चक्करा म्हणतात, तीही शर्करेचीच लेक. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि त्यातून इंग्रजीला 'जॅगरी' मिळाला. म्हणजे इंग्रजीतले शुगर आणि जॅगरी सख्खी भावंडं. खडीसाखरेचा इंग्रजी शब्द 'कँडी'ही आपल्या 'खंड'वरून गेलेला, पण ते घराणं वेगळं.

खड्याचं नाव किती चपखल आहे, ते साखरेचा दाणा भिंगाखाली धरला की कळतं. सपाट बाजू, धारदार कडा, जणू कुणी तासून ठेवलेला. रस आटवत नेला की पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर त्यात साठते. अशा वेळी बारीक दाण्यांचं बी टाकलं की विरघळलेले रेणू त्यावर थरावर थर बसवतात आणि दाणा वाढतो. कारखान्यात हे हवा काढून घेतलेल्या बंद पॅनमध्ये करतात. दाब कमी असल्याने पाक कमी तापमानाला उकळतो, करपत नाही. मग गरगर फिरणाऱ्या जाळीतून मळी, म्हणजे दाणा न झालेला काळसर चिकट पाक, बाहेर फेकली जाते, दाणे आत राहतात. गुऱ्हाळात मळी वेगळी काढायची ही पायरीच नसते. काहिलीतला पाक साच्यात ओतला की मळीसकट सगळं गुळात थिजतं. गुळाचा रंग आणि वास त्यातूनच येतो.

पण गुळातही मुख्यतः असतं ते सुक्रोजच, म्हणजे डब्यातलीच साखर. आतड्यात त्याचे दोन तुकडे होतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. डॉक्टर रक्तात मोजतात ती शुगर म्हणजे यातलं ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. शुगर 100 असेल, म्हणजे दर 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं जेमतेम 5 ग्रॅम. एक चहाचा चमचा! आत्या कपात गुळाचा खडा टाकते तो याहून मोठा असतो.

मी तिच्यासमोर एका वाटीत चमचाभर साखर ओतली आणि शेजारी तिचा तो खडा ठेवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आता नुसतं आलं घालून कर."