लग्न झालं म्हणून नोकरी गेली, तिथपासून आजच्या कायद्यांपर्यंत

माझी एक मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तर तिची टीम दुसऱ्याला दिलेली, रेटिंग खाली आलेलं, आणि ज्या प्रमोशनचं आधी तोंडी ठरलं होतं त्याचं कुणी नावच काढेना. ती एचआरकडे गेली, एचआरने तिला इंटर्नल कमिटीकडे, म्हणजे ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीकडे, पाठवलं, कमिटी म्हणाली हे लैंगिक छळात बसत नाही, आमच्या हातात काही नाही. कमिटीचं कायद्याने चूक नव्हतं. पण मग तिनं जायचं कुठे? याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण नोकरीतल्या सगळ्या भेदभावाला पुरून उरेल असा एकच कायदा आपल्याकडे कधी झालाच नाही. एकेक बाई भांडली, एकेक नियम पडला, आणि असं तुकड्या-तुकड्यांनी हे सगळं जमत गेलं. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात मुंबईतूनच होते. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणात पगारी रजा देण्याचं बिल आलं, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच भाषणात त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली जी फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे याच्या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला, पण पैसे मालकाच्याच खिशातून जायचे ठरले. १९६१ चा देशभराचा मॅटर्निटी बेनिफिट कायदा आला तोही तसाच, आणि २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली तेव्हाही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नसलेल्या बाईचा पगार कंपनीनेच द्यायचा हे कायम राहिलं. मला तर वाटतं आजची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. इंटरव्ह्यूमध्ये "लग्नाचा काय विचार?" हा प्रश्न कुठून येतो? बाई घेतली की २६ आठवड्यांचा खर्च आला, हा हिशोब समोरच्याच्या डोक्यात आधीच मांडलेला असतो.

मग १९५० ला संविधान आलं. कलम १४, १५, १६ मध्ये समानता आली, कलम ३९ मध्ये समान कामाला समान वेतन आलं. पण यात एक मेख आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही, ती अशी की कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, आणि ३९ हे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे ते मोडलं म्हणून थेट कोर्टात जाता येत नाही. खासगी कंपनीतली बाई "माझा संवैधानिक हक्क डावलला" म्हणून रिट, म्हणजे थेट वरच्या कोर्टात करायची याचिका, घेऊन गेली तर बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडते. सरकारी नोकरीतल्या बाईला मात्र हायकोर्ट आहे, प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. हा फरक आजही तसाच आहे.

आणि सरकारी नोकरीत तरी काय होतं? सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. तिथला नियम असा की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामात आड येतील असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. वर अजून एक नियम, लग्न झालेल्या बाईला या सेवेत नेमणुकीचा हक्कच नाही. पुरुषाला यातलं काहीच नाही. मुथम्मांना बढती डावलली गेली तेव्हा त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ चा न्या. कृष्ण अय्यर यांचा निकाल वाचण्यासारखा आहे. त्यांचा मुद्दा साधा होता, संसाराने बाईच्या कामात अडथळा येत असेल तर तो पुरुषाच्याही कामात येऊ शकतो, मग नियम एकीलाच का? गंमत बघा, केस चालू असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, त्यामुळे याचिका तांत्रिकदृष्ट्या निकाली निघाली, पण नियम सुधारा असं कोर्टाने सरकारला बजावलं. पुढे त्या नेदरलँड्समध्ये राजदूत झाल्या.

त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, मुंबईच्या एका औषध कंपनीची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. पॅकिंग खात्यातल्या मुलीने लग्न केलं की तिची नोकरी आपोआप संपायची. कंपनी म्हणाली तिथलं काम टीमने चालतं, लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात. कोर्टाने विचारलं, विधवा बाईलाही मुलं असू शकतात, तिला तर तुम्ही ठेवता, मग लग्नाचं काय घेऊन बसलात? नियम गेला. ही केस युनियनने लढवली होती हे मुद्दाम सांगते, कारण आज बहुतेक ऑफिसांत युनियन नाही आणि बाईला एकटीलाच उभं राहावं लागतं.

वाटेल की इथे लग्नाचा मुद्दा संपला, पण नाही. १९८१ मध्ये एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा. एअर होस्टेसने ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की, यातलं जे आधी होईल तेव्हा. विमानात त्याच केबिनमध्ये काम करणारे पुरुष ५८ पर्यंत. गरोदरपणाची अट कोर्टाने रद्द केली, हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे अशा शब्दांत. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट ठेवली, आणि कारण काय दिलं, तर मुलीला थोडी समज येते आणि फॅमिली प्लॅनिंगलाही हातभार लागतो! होस्टेस आणि पुरुष कर्मचारी हे वेगळे वर्ग आहेत म्हणून तुलनाच नको, असंही म्हटलं. अर्धा जिंकलेला हा निकाल मला सगळ्यात अस्वस्थ करतो, कारण वेगळं पदनाव द्या आणि वेगळी वागणूक द्या, ही युक्ती त्यात चालून गेली.

पगाराच्या बाबतीत हीच युक्ती पुढे फसली. समान वेतनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला होता, पण कायदा यायला १७ वर्षं गेली. १९७४ मध्ये महिलांच्या स्थितीवरच्या सरकारी समितीचा समतेकडे नेणारा मोठा अहवाल आला, १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ऐन आणीबाणीत, समान वेतनाचा वटहुकूम निघाला, १९७६ ला त्याचा कायदा झाला. त्याची खरी परीक्षा झाली ती मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा केसमध्ये. पुन्हा मुंबईच. ऑड्री डिकॉस्टा कंपनीत "कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनो" होत्या. शॉर्टहँड तेच, टायपिंग तेच, पण पुरुष स्टेनोंना पगार जास्त. कंपनी म्हणाली लेडी स्टेनोंचं काम गोपनीय, साहेबांना जोडलेलं, तो वर्गच वेगळा, आणि हे तर युनियनशी झालेल्या करारात ठरलंय. कोर्टाने बघितलं की त्या वर्गात एकही पुरुष नाही, म्हणजे कमी पगाराची पाटी फक्त बायकांच्याच टेबलावर. करार असो वा नसो, परवडत असो वा नसो, सारख्या कामाला सारखा पगार द्यावा लागेल असं कोर्टाने ठरवलं. त्यांची नोकरी १९७७ मध्ये गेली होती, निकाल आला १९८७ मध्ये. १० वर्षं.

त्याच वर्षी या कायद्यात एक दुरुस्ती झाली, भरतीच्या जोडीला बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्दही घातले गेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९१ चा एक निकाल मी कुणालाही सांगितला की समोरचा आधी विश्वासच ठेवत नाही. एलआयसीत लागताना बायकांना जो फॉर्म भरावा लागायचा त्यात पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झालाय का, असे रकानेच्या रकाने होते. एका बाईंनी बाळंतपणाची रजा घेतल्यावर, फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून त्यांना प्रोबेशनवरच काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाका म्हणून सांगितलं. नोकरीच्या अर्जावर पाळीची तारीख! ज्या बायकांनी तोवर मान खाली घालून तो फॉर्म भरला असेल त्यांचा विचार मनातून जात नाही.

आता भंवरीदेवी. राजस्थानातल्या भटेरी गावच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवणं हे त्यांचं कामच होतं. ते काम केलं म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा त्यांनी वेगळा प्रश्न मांडला, की कामाच्या जागी बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे की नाही? १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाने ती मालकावर टाकली आणि तक्रार समित्या सक्तीच्या केल्या. न्या. वर्मांच्या खंडपीठात न्या. सुजाता मनोहर होत्या. संसदेचा कायदा नाही तर नाही, तो होईपर्यंत हीच मार्गदर्शक तत्त्वं कायदा, असं कोर्ट म्हणालं. ज्यांच्यामुळे हे झालं त्या भंवरीदेवींचं नाव निकालात नाही, "एक समाजसेविका" एवढाच उल्लेख आहे.

तो कायदा व्हायला पुन्हा १६ वर्षं. मधल्या काळात समित्या कागदावरच होत्या. पुण्याच्या आलोचना संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने ते याचिका म्हणून घेतलं, आणि समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरायचा असे आदेश त्यातून निघाले. २०१३ मध्ये कायदा आला. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी इंटर्नल कमिटी, लहान जागांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची लोकल कमिटी, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर अजून तीन महिने मिळतात. हा कायदा इतका गाजला की आता ऑफिसात बाईची कुठलीही तक्रार आली की लोक याच कमिटीकडे बोट दाखवतात, आणि माझ्या मैत्रिणीचं तेच झालं.

बाकीचं भराभर सांगते. दारू मिळते तिथे बायकांनी काम करायचं नाही हा पंजाबचा १९१४ चा नियम २००७ ला गेला. सिनेमात बाईने हेअरड्रेसर व्हायचं, मेकअप आर्टिस्ट नाही, हा संघटनेचा नियम २०१४ ला गेला. त्याच वर्षी ट्रान्सजेंडर व्यक्तींना कोर्टाने मान्यता दिली आणि २०१९ च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला बंदी आली. २०२० मध्ये लष्करात बायकांना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळालं, आणि २०२१ मध्ये त्याच लढाईत कोर्टाने अप्रत्यक्ष भेदभाव ओळखला, म्हणजे नियम वरून सगळ्यांना सारखाच पण बायकाच त्यात मागे पडतील असा बेतलेला. आणि २०२४ मध्ये कोर्टाने लष्करातल्या एका नर्सिंग अधिकारी बाईंना ६० लाख रुपये द्यायला लावले, कारण १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून त्यांना काढलं होतं. मुथम्मांचा निकाल १९७९ चा, हे परत आठवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या संहिता, लागू झाले, १९७६ चा समान वेतन कायदा वेतन संहितेत गेला आणि १९६१ चा मॅटर्निटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत. पगार आणि भरतीतला भेदभाव नव्या संहितेतही बंद आहे. पण १९८७ मध्ये जे तीन शब्द भांडून आत आले होते, बढती, प्रशिक्षण, बदली, ते नव्या मजकुरात तसे स्पष्ट लिहिलेले नाहीत. ज्या काळात बायकांना नोकरी मिळते पण वर चढताना अडवलं जातं, त्याच काळात हे शब्द गळावेत याचा मला राग येतो.

मैत्रिणीच्या कामाची गोष्ट शेवटी १९६१ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये सापडली, जी नव्या संहितेतही आहे. बाळंतपणाच्या रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे बाईला काढता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्या नोकरीच्या अटी तिच्या नुकसानीच्या होतील अशा बदलताही येत नाहीत, हे त्याच वाक्यात पुढे लिहिलंय. ते तिला एचआरने सांगितलं नाही, कमिटीनेही नाही. मागच्या आठवड्यात तिने रजेआधीच्या आणि नंतरच्या टीमच्या याद्या, दोन्ही वर्षांची रेटिंग आणि जुने मेल एका फाइलमध्ये लावले, आणि लेबर ऑफिसात द्यायचा अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला.