कोजागरीच्या उधाणाला इलिश

कोकणातली मासेमारी १ जूनला बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत बंद राहते. बांगलादेशात इलिश माशासाठी २२ दिवसांची बंदी असते, तिच्या तारखा मात्र दरवर्षी सरकतात. २०२३ साली ती १२ ऑक्टोबरला लागली, २०२४ साली १३ ऑक्टोबरला, २०२५ साली थेट ४ ऑक्टोबरला. ही बंदी आश्विनातल्या चंद्रावर बेतलेली आहे. आपली कोजागरी आणि तिच्या अलीकडची किंवा पलीकडची अमावास्या, दोन्ही त्या २२ दिवसांत येतात.

इलिश, म्हणजे आपल्याकडचा पाला, वाढतो समुद्रात आणि अंडी घालतो गोड्या पाण्यात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला बंगालच्या उपसागराचं पाणी नदीमुखातून खूप आत शिरतं आणि त्या लोटाबरोबर थवेच्या थवे मेघना आणि पद्मेत चढतात. मोठ्या मादीच्या गाभोळीत दहा लाखांहून जास्त अंडी असू शकतात. पण जाळ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत सोपी वेळ, कारण मासा एका वाटेने, एकाच सुमारास येतो.

सगळ्या माद्या एकाच रात्री अंडी घालत नाहीत. म्हणून सुरुवातीची दहा-अकरा दिवसांची बंदी अपुरी पडली; २०१५ साली ती १५ दिवसांची झाली आणि २०१६ साली २२ दिवसांची. बंदी फळली का, हे पाहण्याची रीत अगदी साधी आहे. शास्त्रज्ञ नमुन्याचे मासे पकडून चिरतात. गाभोळी भरलेली असेल तर मादी अजून व्यायची आहे; पिशवी रिकामी, लोंबलेली दिसली तर तिचं काम झालं. अशा रिकाम्या माद्यांचं प्रमाण जितकं जास्त, तितकी तारखांची निवड अचूक.

पण अंडी घातली म्हणजे मासे वाढले असं नाही. २५ सेंटिमीटरहून लहान पिल्लाला तिकडे ‘जाटका’ म्हणतात. ते पकडायला नोव्हेंबर ते जून मनाई असते. बारीक नायलॉनच्या ‘कारेंट जाळ्या’वरही बंदी आहे, तरी ती चोरून वापरली जातेच. बंदीच्या काळात नोंदणीकृत कोळी कुटुंबाला सरकार तांदूळ देतं, २२ दिवसांसाठी २५ किलो. नुसत्या तांदळावर घर चालत नाही आणि जाळ्याचं कर्जही थांबत नाही. माझ्या मते या योजनेचा सर्वांत कच्चा दुवा हाच.

२००२-०३ साली सुमारे दोन लाख टन असलेलं इलिशचं उत्पादन २०१९-२० पर्यंत साडेपाच लाख टनांवर गेलं. सगळं श्रेय बंदीला देणं घाईचं ठरेल. त्या काळात होड्या आणि जाळीही वाढली. पुढे उत्पादन घसरलंही. नदीमुखाशी गाळाची बेटं वाढून वाट उथळ होत असेल, तर चंद्र पाहून ठरवलेली तारीख काय करणार? गंगेवर माशाची वाट आधीच अडली आहे. एके काळी इलिश अलाहाबादच्याही वर जायचा. १९७५ साली फराक्काचं धरण सुरू झालं आणि तिथून वरचा इलिश जवळपास संपला. त्याच्या वरच्या अंगाला मासेमारी वर्षभर बंद ठेवली, तरी त्याने फरक पडणार नाही.