देखण्या कणसाची परीक्षा

लांब टेबलावर मक्याची दहा-दहा कणसं ओळीने मांडलेली. परीक्षक एकेक कणीस उचलतो. दाण्यांच्या ओळी सरळ आहेत का, टोकापर्यंत दाणे भरलेत का, बुडापासून शेंड्यापर्यंत जाडी सारखी आहे का, सगळं बोटांनी चाचपून पाहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हिवाळ्यात अशी मक्याची प्रदर्शनं भरत. तिथलं पहिलं बक्षीस ही गावभर मिरवायची गोष्ट होती, आपल्याकडे जनावरांच्या प्रदर्शनात खिलार जोडीला मिळालेल्या बक्षिसासारखी. देखणं कणीस म्हणजे चांगलं बियाणं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

१९०४ साली हेन्री वॉलेस नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते पटलं नाही. पेरी होल्डन हे आयोवाचे नामवंत मकातज्ज्ञ. देखण्या कणसाचं बी खरंच जास्त पिकतं का, या मुलाच्या शंकेला त्यांनी रास्त उत्तर दिलं: पेरून बघ. वॉलेसने प्रदर्शनातली पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंतची कणसं घेतली आणि पाचेक एकरांत प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले. सुगीला ओळीओळीचं वजन केलं. पहिला नंबर मिळालेलं कणीस उत्पन्नाच्या यादीत तळाच्या गटात निघालं. तज्ज्ञांनी नापसंत केलेल्या काही कणसांनी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मका दिला होता.

असं का झालं, हे समजायला मक्याचा संसार बघायला हवा. मक्याच्या शेंड्याला तुरा येतो, त्यात परागकण असतात. कणीस मधल्या पेरावर येतं आणि त्याच्या टोकातून मऊ केसांचा झुपका बाहेर लोंबतो. यातला एकेक केस एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. वाऱ्यावर आलेला परागकण ज्या केसावर पडतो, त्याच केसाचा दाणा भरतो. आपण भाजून खातो त्या कणसात मधेच बोळकं दिसतं, तिथल्या केसापर्यंत पराग पोचलेलाच नसतो. म्हणजे कणसाची आई आपल्याला ठाऊक असते, पण त्यातल्या सात-आठशे दाण्यांचे बाप शेतभर विखुरलेले असतात. कणीस हातात घेऊन कितीही निरखलं तरी हे बाप दिसत नाहीत.

शिवाय कणसाचं रूप हे निम्मंअधिक नशिबाचं. ज्या ताटाला शेजारी मोकळी जागा मिळाली किंवा ज्याच्या बुडाशी शेणखताची पाटी सांडली, त्याचं कणीस भरदारच होणार. तो गुण मातीचा असतो, बियाण्यात उतरत नाही. वर्षानुवर्षं एकाच साच्यातली कणसं बियाण्याला निवडत गेलं, की नात्यातल्या नात्यात संकर होऊन पीक उलट कमजोर होतं. दोन दूरची वाणं एकत्र आणली की याच्या नेमकं उलट घडतं, पुढची पिढी जोमदार निघते. वॉलेसने पुढे आयुष्यभर याच जोमाचा पाठपुरावा केला. १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याची बियाणे कंपनी काढली, १९३३ मध्ये तो देशाचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. १९४० साली मेक्सिकोत त्याने पाहिलेल्या शेतीमुळे तिथल्या धान्य-संशोधनाला चालना मिळाली. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचा गहू त्याच संशोधनातून आला आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून मागवलेलं अठरा हजार टन बियाणं त्याच गव्हाचं होतं.

वॉलेसचं शेत घरचं होतं आणि त्याचे वडील कृषितज्ज्ञ. साध्या शेतकऱ्याच्या पोरांना असं काही करून बघायला कोण देणार? याचं उत्तर त्याच वर्षांत काउंट्यांमधून आकार घेत होतं. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय भाग, आपल्या जिल्ह्यासारखा, पण सहसा बराच लहान. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत.

ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम हे शाळांचे अधीक्षक होते. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्ड गावातल्या न्यायालयाच्या तळघरात तीसेक मुलामुलींना जमवलं. मुलांनी घरच्या शेतातली माती आणायची, लिटमस कागदाने ती आम्लधर्मी आहे का ते बघायचं, मक्याची निवडक वाणं पेरून कोणतं चांगलं येतं त्याची नोंद ठेवायची. राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने त्यांना मदत केली. संशोधन केंद्रांकडे तोवर सांगण्यासारखं पुष्कळ जमलं होतं, पण पोथीतली शेती म्हणून शेतकरी ते कानाआड करत. मुलांचं तसं नव्हतं. बापाने पोराला कोपऱ्यातला तुकडा दिला, पोराने त्यात नवं बी लावलं आणि सुगीला बापाच्या डोळ्यांदेखत ते जास्त पिकलं, की पुढच्या वर्षी बाप स्वतःहून त्या बियाण्याची चौकशी करी.

आयोवात पेज काउंटीच्या शाळांची जबाबदारी १९०६ मध्ये जेसी फील्ड या तरुण शिक्षिकेकडे आली. डोकं, हृदय आणि हात यांसाठी इंग्रजीतल्या ‘एच’ अक्षराची तीन पानं असलेलं तिपानी क्लोव्हरचं चिन्ह त्यांनी मुलांना दिलं. पुढे आरोग्याचं चौथं पान जोडलं गेलं आणि ‘फोर-एच’ हे नाव रूढ झालं. या क्लबांत आणि आयोवाच्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या एका गोष्टीपाशी मला थांबायचंय. तिला तिकडे ‘चिंधीची बाहुली’ म्हणत.

आयोवातली थंडी कडाक्याची. शरदात कणसात ओल राहिली आणि गोठवणारी थंडी लवकर पडली, की दाण्यातला अंकुर गोठून मरतो. वरून दाणा तसाच पिवळाधमक दिसतो. म्हणून मुलं वसंतापूर्वी सुती कापडाची लांब पट्टी घेत, तिच्यावर पेन्सिलीने चौकोन आखत आणि प्रत्येक चौकोनाला नंबर देत. एका कणसाचे सहा दाणे, वेगवेगळ्या जागचे काढलेले, एका चौकोनात ठेवायचे. पट्टी भिजवायची, गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची आणि आठवडाभर उबेत ओली ठेवायची. मग उलगडून मोजायचं. ज्या कणसाचे सहापैकी दोनतीनच दाणे रुजले, ते गुरांपुढे. हिशेब सोपा होता. त्या काळच्या विरळ लागवडीत एकराला बारा-पंधरा कणसांचं बी पुरे व्हायचं. त्यातलं एक कणीस मेलेलं निघालं तर एकरातले तीन गुंठे रिकामे. नांगरणी तेवढीच, मेहनत तेवढीच, पीक मात्र नाही. गणिताच्या पुस्तकात हे उदाहरण असतं तर मुलांनी कंटाळून सोडवलं असतं. इथे तो तुकडा त्यांच्या घरचा होता.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला ही बाहुली ओळखीची वाटेल. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलं असेल, तर मृगाच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि कोंब मोजायचे, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर शिफारशीइतकं बी पेरायचं, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवायचं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं, मळणीयंत्राचा फटका किंवा पोत्यांची आदळआपट त्याला सोसत नाही आणि आतली इजा बाहेरून दिसत नाही. आयोवातल्या गोठलेल्या मक्याची अडचणही हीच होती. चिंधी असो की गोणपाट, दोन्हीला खर्च शून्य. तरीही कितीतरी शेतात दुबार पेरणीची पाळी येते तेव्हा मनापासून वाईट वाटतं. पावसाने दगा दिला तर इलाज नाही, पण मेलेलं बी आठवडाभर आधी ओळखता आलं असतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतकऱ्यांकडून करून घेत शिकवण्याचं हे काम कृषितज्ज्ञ सीमन नॅप यांनी वाढवलं. कापसावरच्या बोंडभुंग्याने तिथला शेतकरी पार खचला होता. ऐकलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेईल, पाहिलेल्या गोष्टीवरही घेईल, स्वतः केलेल्या गोष्टीवर मात्र घेऊ शकणार नाही, असं नॅप म्हणत. त्यांच्या छायेत मुलांचे मका-क्लब निघाले, प्रत्येकाला एक एकर. १९१० मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या एकरात २२८ पूर्णांक तीन चतुर्थांश बुशेल मका काढला. आपल्या मापात एकरी सुमारे ५८ क्विंटल! तेव्हा देशाची सरासरी तीस बुशेलच्याही खाली होती. संकरित बियाणं आणि आधुनिक यंत्रं असूनही आजची अमेरिकी सरासरी पावणेदोनशे बुशेलच्या आसपास आहे.

मला मात्र या विक्रमापेक्षा स्पर्धेचे नियम जास्त शहाणपणाचे वाटतात. उत्पन्नाला शंभरपैकी तीसच गुण होते. नफ्याला तीस, दहा कणसांच्या नमुन्याला वीस आणि पीक कसं घेतलं याच्या लेखी हकिकतीला वीस. नफा काढताना मुलाला स्वतःच्या बापाच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या मजुरीचे पैसेही खर्चात धरावे लागत. खतांचा मारा करून एकर भरता येतो, पण वहीत तो खर्च दिसतो. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरायची की नाही, यावर आपल्याकडे हमीभावाच्या चर्चेत अजून खडाजंगी होते. तिथे तो धडा बारा वर्षांच्या पोराला दिला जात होता.

१९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या सगळ्याला पक्का पाया मिळाला. केंद्र, राज्य आणि काउंटी यांनी मिळून खर्च उचलायचा आणि राज्यातल्या कृषी विद्यापीठाने काउंटीत आपला माणूस ठेवायचा, अशी ही व्यवस्था आजही चालू आहे. पण तिच्यावर एक काळा डाग आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांचे क्लब वेगळे ठेवले जात आणि त्यांच्या वाट्याला पैसा तुटपुंजा येई. १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत हे उघडपणे चाललं. तरी त्या भागात शेतकऱ्यांपर्यंत नवी शेती पोचवण्याचं काम थांबलं नव्हतं. मराठी वाचकांच्या लाडक्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९०६ मध्ये अवजारं आणि बियाणी भरलेली एक घोडागाडी सजवली, तिचं नाव जेसप वॅगन. टॉमस कॅम्पबेल ती अलाबामातल्या वस्त्यावस्त्यांवर घेऊन गेले. हेच कार्व्हर त्याआधी आयोवात शिकत होते, तेव्हा एका प्राध्यापकाच्या चिमुकल्या मुलाला रानात फिरायला नेत आणि गवतांची, फुलांची ओळख करून देत. तो मुलगा हेन्री वॉलेस.

मुलींसाठी टोमॅटो आला. दक्षिण कॅरोलायनाच्या एकन काउंटीत मरी क्रोमर या शिक्षिकेने १९१० मध्ये पहिला टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग, म्हणजे चार गुंठे. पीक घ्यायचं, डबाबंद करायचं, विकायचं आणि पैसे आपल्या नावावर ठेवायचे. टोमॅटोची निवड विज्ञानाच्या दृष्टीनेही भाग्याची ठरली. हवाबंद डब्यात बॉट्युलिझमचा जिवाणू वाढला तर जीवघेणं विष तयार करतो आणि त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. मात्र सामू ४.६ किंवा त्याहून कमी, म्हणजे पुरेसा आंबटपणा असेल, तर ते रुजत नाहीत. टोमॅटो साधारण या सीमेवरच असतो. त्यामुळे उकळत्या पाण्यातल्या डब्यांवर बऱ्याच अंशी भागलं. घेवडा किंवा मका असा डबाबंद करायला दाबाचं भांडंच लागतं. टोमॅटोच्या काही फळांचा आंबटपणा या सीमेला कमी पडतो, म्हणून आता काउंटीच्या वर्गात लिटरभर टोमॅटोला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायला शिकवतात. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, बाटलीतल्या रसाचा ठरलेला असतो.

शेती करणारी घरं कमी होत गेली, तसं हे शिक्षण शहरात शिरलं. वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल आणि टकोमा शहरांभोवतालच्या काउंट्यांत बागकामाचे प्रश्न विचारणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की १९७२-७३ मध्ये स्वयंसेवकांनाच प्रशिक्षण देऊन ‘मास्टर गार्डनर’ तयार करण्याची योजना निघाली. ती पुढे देशभर पसरली. सामुदायिक बागेत वाफा मागायला आलेल्या माणसाला हे स्वयंसेवक बहुधा आधी मातीचं विचारतात. जुन्या शहरांच्या मातीत शिसं असतं, घरांच्या जुन्या रंगातून झडलेलं आणि शिसंमिश्रित पेट्रोलच्या धुरातून बसलेलं. ते कुजत नाही, पाण्याबरोबर फारसं खालीही उतरत नाही, वरच्या थरातच राहतं. टोमॅटो किंवा वांग्याच्या फळात ते फार कमी जातं. खरा धोका पालेभाजीला आणि मुळ्यागाजराला चिकटलेल्या मातीचा आणि वाफ्याशी खेळणाऱ्या मुलाच्या मळक्या हातांचा. म्हणून भिंतीपासून लांब उंच वाफा करायचा, बाहेरची तपासलेली माती आणि कंपोस्ट भरायचं, उघड्या जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं.

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांचा या काउंटी-व्यवस्थेशी संबंध येतो तो कढीपत्त्यामुळे. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. सायट्रस सायला ही तीन-चार मिलिमीटरची कीड त्याच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने राहते. ती ग्रीनिंग रोगाचा जिवाणू संत्र्या-लिंबाच्या झाडांत पोचवते. रोग लागलेलं झाड वाचत नाही. नागपुरी संत्र्याच्या बागायतदारांना सायला आणि ग्रीनिंग ही दोन्ही नावं परिचयाची आहेत. कॅलिफोर्नियात ही कीड २००८ मध्ये सापडली आणि रोग २०१२ मध्ये. तेव्हापासून तिथे कढीपत्त्याचं रोप एका भागातून दुसरीकडे नेण्यावर बंधनं आहेत. मैत्रिणीला कुंडी भेट द्यायची तरी आधी नियम विचारावा लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे आणि मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर दिसते. नवी पालवी फुटली की भिंग घेऊन पानाची खालची बाजू आणि शेंड्याची कळी बघायची. प्रौढ सायला डोकं पानाला टेकवून आणि मागचा भाग वर उचलून तिरकी बसलेली असते. तिची पिल्लं पिवळसर असतात आणि त्यांच्या अंगातून पांढऱ्या मेणाचे वळणदार दोरे निघतात. असे दोरे दिसले, तर झाड हलवायचं नाही, पालाही कुणाला द्यायचा नाही. फोटो काढायचा आणि काउंटीच्या कृषी कार्यालयाला फोन करायचा.