गुरांमागे गेलेली शाळा

बालवाडीतल्या मुलांना विज्ञान बाहेर नेऊन शिकवा, असं आता शहरातल्या शाळाही हौसेने सांगतात. महाराष्ट्रात हे सुरू झालं ते मात्र हौसेपायी नाही. मुलं आत यायलाच तयार नव्हती.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलांनी साधनं हाताळत स्वतः शिकायच्या पद्धतीवर, काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण माँटेसरीची साधनं महागडी, खेड्याला न परवडणारी. १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या, शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि सुरुवातीलाच गाडी अडली. वस्तीतली पोरं बालवाडीकडे फिरकेनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. 'अंगणवाडी' हे नाव तिथलं. आधी आंघोळ, नखं, केस, मग खेळ. विकतच्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली.

पुढे काम त्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे अडचण वेगळी होती. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड, आणि भाऊ गुरांमागे. बहिणीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. भावासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा.

विज्ञानाला याहून चांगली जागा कुठली असणार? गुरं राखणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराला कुठलं गवत गाय हुंगून सोडून देते हे पाठ असतं. का सोडते, एवढंच त्याला विचारायचं. शेणाचा वाळका पो उलटा केला की खाली किडे, त्यांची बिळं, ओल. वेचलेल्या बिया आकाराने लावल्या की वर्गीकरण झालं; हा शब्द कळायची गरजही नाही. काठी रोवली तर सावलीवरून गुरं परतवायची वेळ काढता येते, आणि ती वेळ चुकली तर घरी बोलणी खावी लागतात, म्हणजे परीक्षाही झालीच! मला कोसबाडची खरी करामत यात दिसते: मुलाला जे आधीच माहीत आहे, तिथूनच धडा उचलायचा.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. त्यातल्या कितीतरी आज एका खोलीत भरतात: कोपऱ्यात वजनकाटा, चुलीवर खिचडी, भिंतीवर प्राण्यांचा तक्ता. तक्त्यात गायही असते.